त्या नगरातला न्यायाधीश



आजच्या शुभवर्तमानातील विधवा आपल्या चांगल्या ओळखीची आहे. न थकता प्रार्थना करावी, हा या दाखल्याचा अर्थ संत लूक सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणून आपण पुढे फारसे पाहत नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. विधवेला छळू नये अशी स्पष्ट आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रात होती. म्हणजे कायदा तिच्याच बाजूचा होता. अडचण होती ती तिच्या नगरात बसलेल्या न्यायाधीशाची. त्याला देवाचे भय नव्हते आणि माणसांची पर्वा नव्हती.

हे वाचताना मला व्हिएतनाममधील हमोंग लोक आठवतात. उत्तरेकडील दिएन बिएन, लाय चाऊ, सोन ला या डोंगराळ प्रांतांत राहणारी ही जमात. 2019 च्या जनगणनेनुसार तिची लोकसंख्या सुमारे 14 लाख. 1980 च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्यात ख्रिस्ताचा संदेश पोहोचला तो कोणा मिशनऱ्याच्या पायांनी नव्हे, तर रेडिओवरून. फिलिपिन्समधील मनिला येथील एका प्रॉटेस्टंट केंद्रावरून हमोंग भाषेत कार्यक्रम होत. आपली बोली कानावर पडते म्हणून लोक ऐकू लागले आणि ऐकता ऐकता गावेच्या गावे ख्रिस्ती झाली. आज त्यांची संख्या काही लाखांत आहे.

आता कायदा पाहा. व्हिएतनामच्या 2013 च्या संविधानातील कलम 24 प्रत्येकाला धर्मस्वातंत्र्य देते. कोणावरही धर्म सोडण्याची सक्ती करू नये, असा आदेश तेथील पंतप्रधानांनी फेब्रुवारी 2005 मध्ये खास प्रॉटेस्टंटांच्या संदर्भात काढला. 2016 मध्ये श्रद्धा व धर्म यांविषयीचा कायदा संमत झाला, तो 1 जानेवारी 2018 पासून लागू आहे. आणि तरीही डोंगरातल्या एखाद्या गावी नव्याने ख्रिस्ती झालेल्या कुटुंबाच्या दारात अधिकारी आणि गावचे वडीलधारे येतात. पूर्वजांची वेदी पुन्हा घरात मांडा, या कागदावर सही करा, नाहीतर गाव सोडा, असे सांगतात. काहींची गुरे नेली गेली, काहींची घरे मोडली, काहींचे रहिवासाचे कागद अडवले गेले. कागद नाही म्हणजे सरकारी मदत नाही, मुलांच्या शाळेची पंचाईत. मध्य पठारावरील जराई, एदे या जमातींची कथाही अशीच. तेथे 2001 आणि 2004 मध्ये जमिनीच्या व धर्माच्या प्रश्नावर मोठी निदर्शने झाली, ती दडपली गेली आणि अनेक जण कंबोडियात पळाले. या जमातींतले बरेच लोक युद्धात अमेरिकेच्या बाजूने लढले होते, त्यामुळे त्यांच्या प्रार्थनासभेतही सरकारला राजकारणाचा वास येतो.

सगळीकडे असेच आहे असे मी म्हणणार नाही. अनेक गावांत प्रार्थनागटांची रीतसर नोंदणी झाली आहे व लोक निर्धास्तपणे उपासना करतात. पण नोंदणीचा अर्ज द्यायचा कोणाकडे? आपल्याकडील ग्रामपंचायतीसारखी जी स्थानिक जनसमिती असते, तिच्याकडे. जो माणूस काल दारात येऊन दम देऊन गेला, पुष्कळदा त्याच्याच कचेरीत.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनसचा एक मुद्दा मला फार कोरडा वाटे: जो जाहीर झालेला नाही तो कायदाच नव्हे. आता तो कोरडा वाटत नाही. राजधानी हनोईत छापलेला कायदा त्या डोंगरात जाहीर करणार कोण?

कोणी म्हणेल, फादर, ते तर प्रॉटेस्टंट. आपले कॅथलिक थोडेच आहेत? योहानानेही असेच काहीसे विचारले होते. जो आपल्यातला नाही त्याने प्रभूच्या नावाने भुते काढावीत, हे त्याला खपले नाही, आणि येशूने त्याला गप्प केले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 7 डिसेंबर 1965 रोजी धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला. त्यात हा हक्क कॅथलिकांपुरता ठेवलेला नाही, तो माणूस म्हणून प्रत्येकाचा आहे. आणि सक्ती सरकारची असो, समाजातल्या गटाची असो वा एका व्यक्तीची, ती नकोच, असे परिषद म्हणते. गावकीचा दबावही त्यात आला. शिवाय त्याच भूमीतले 117 कॅथलिक रक्तसाक्षी 1988 मध्ये संत म्हणून घोषित झाले. तेथील कार्डिनल फ्रान्सिस झेवियर न्गुयेन वान थुआन बिशप असताना खटल्याविना 13 वर्षे बंदिवासात होते. या दुःखात आपले नि परके अशी वाटणी आपल्याला कशी करता येईल?

विधवेने न्यायाधीशाला शाप दिला नाही की ती नगर सोडून गेली नाही. ती त्याच्याच दारात पुन्हा पुन्हा गेली. कित्येक हमोंग कुटुंबे आज तेच करीत आहेत: अर्ज नाकारला की दुसरा अर्ज.

ऑक्टोबर हा माळेचा महिना आहे. या आठवड्यात घरोघरी माळेची प्रार्थना होईल तेव्हा एक दशक त्यांच्यासाठी म्हणावे, ही विनंती. ते स्वतः माळ म्हणत नाहीत, हे मला ठाऊक आहे. आपण म्हणू.

तुमचा धर्मगुरू