कधीतरी लागेल म्हणून

पेलोटन ही व्यायामाच्या सायकली विकणारी अमेरिकी कंपनी. आपले खाते खासगी ठेवलेल्या तिच्या ग्राहकांचे वय, वजन, शहरसुद्धा कोणालाही वाचता येते, हे २०२१मध्ये उघड झाले. ॲपच्या पडद्यावर ही माहिती दिसत नव्हती. पण पडद्यामागच्या एपीआयला, म्हणजे ॲपला माहिती पुरवणाऱ्या दुव्याला थेट विचारले, की ती उत्तरात येत असे. लॉग-इनसुद्धा लागत नव्हते. पहिल्या दुरुस्तीत लॉग-इन सक्तीचे झाले. म्हणजे दाराला कुलूप लागले, पण सभासद होऊन आत आलेल्याला कपाट उघडेच होते.

सॉफ्टवेअरच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेने एपीआयच्या धोक्यांच्या २०१९च्या यादीत गरजेपेक्षा जास्त माहिती पाठवण्याच्या या चुकीला तिसरे स्थान दिले. चूक घडते साधेपणाने. प्रोग्रामर डेटाबेसमधली अख्खी नोंद उचलून पाठवतो आणि काय दाखवायचे ते ॲपवर सोपवतो. असू दे, कधीतरी लागेल!

आपल्या घरांचे माळे याच वाक्याने भरलेले असतात. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथाने परिग्रह, म्हणजे साठवून ठेवण्याचा दोष, वस्तूत नव्हे, तिच्याविषयीच्या आसक्तीत पाहिला. मग माहितीचाही परिग्रह होतो का?

भांडे चोरीला गेले, तर फळीवरची जागा रिकामी दिसते. माहिती नेली तरी ती मूळ जागी तशीच राहते. काही गेले नाही, तर अस्तेयाचे, म्हणजे चोरी न करण्याचे व्रत मोडले कसे? पण ज्याचे वजन परक्याने वाचले, त्याचे काहीतरी नक्कीच गेले: आपल्याबद्दल कोणाला काय कळावे, हे ठरवण्याचा अधिकार. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क मानले, तेव्हा त्याचे नाते माणसाच्या प्रतिष्ठेशी जोडले.

काही लपवणे म्हणजे सत्याशी प्रतारणा, अशीही शंका येईल. तिचे उत्तर आधारच्या पडताळणीत सापडते. क्रमांक आणि बोटाचा ठसा जुळतो का, एवढाच प्रश्न असतो. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’. पत्ता, जन्मतारीख काही बाहेर येत नाही, आणि तरी ते ‘हो’ पूर्ण खरे असते. केवायसीसाठी तपशील हवे असतील, तर त्याची वाट वेगळी आहे.

एपीआय लिहिणाऱ्यांनीही काय पाठवायचे याची यादी कोऱ्या कागदावरून सुरू करावी. पार्सल पोहोचवणाऱ्याला नाव, पत्ता आणि संपर्काची सोय. त्यात जन्मतारीख घालायची असेल, तर कारण लिहावे लागेल. आणि ‘कधीतरी लागेल’ हे कारण तिथे चालू नये.