थोड्यात विश्वासू



आज सामान्य काळातील पंचविसावा रविवार. संत लूककृत शुभवर्तमानातील लबाड कारभाऱ्याचा दाखला आपण ऐकला. लहान गोष्टीत विश्वासू राहणारा माणूसच मोठ्या गोष्टीत विश्वासू राहतो, असे प्रभू येशू त्यानंतर सांगतो. येथे लहान गोष्ट कोणती? संदर्भ पाहिला तर ती आहे पैसा. आपण जिला आयुष्यातील सर्वांत मोठी गोष्ट समजतो, तिला प्रभू लहान म्हणतो आणि सरावासाठी आपल्या हाती देतो.

श्रद्धेची कसोटी म्हटली की आपल्याला छळ, तुरुंग, हौतात्म्य आठवते. आपल्यापैकी बहुतेकांवर तशी वेळ येणार नाही. परंतु कधी तपासणीचा रिपोर्ट हाती येतो, कधी कारखान्याला टाळे लागते, कधी घरातला कर्ता माणूस अचानक जातो. त्या दिवशी श्रद्धा उसनी मागता येत नाही. घरात जेवढी असेल तेवढ्यावरच भागवावे लागते.

कार्डिनल फ्रान्सिस झेवियर व्हान थुआन यांची पुण्यतिथी नुकतीच, १६ सप्टेंबर रोजी झाली. १९७५ साली व्हिएतनाममध्ये सत्तांतर झाले आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला, स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, या बिशपांना अटक झाली. तेरा वर्षे ते बंदिवासात होते. त्यांपैकी नऊ वर्षे एकांतवासात. ना खटला, ना शिक्षा सुनावलेली. सुरुवातीला घरून आवश्यक वस्तू मागवण्याची परवानगी मिळाली, तेव्हा त्यांनी कपडे आणि टूथपेस्ट यांबरोबर पोटदुखीसाठी थोडे 'औषध' मागितले. लोकांना बरोबर उमगले. औषधाची चिठ्ठी लावलेल्या बाटलीतून मिस्साचा द्राक्षारस आला आणि टॉर्चमध्ये लपवून भाकर आली. तळहातावर द्राक्षारसाचे तीन थेंब, पाण्याचा एक थेंब. तोच त्यांचा प्याला आणि तळहात हीच वेदी! पुढे छावणीत रात्री दिवे मालवले की ते पाठ असलेली मिस्सा म्हणत आणि मच्छरदाणीखालून शेजारच्या कैद्यांना ख्रिस्तप्रसाद देत. सिगारेटच्या पाकिटांच्या कागदाच्या लहान पिशव्या करून त्यांत ख्रिस्तशरीर जपून ठेवले जाई.

मिस्सा पाठ होती, ती तुरुंगात शिकले म्हणून नव्हे. १९५३ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली होती. बावीस वर्षे, कधी उत्साहाने तर कधी थकल्या अंगाने, रोज म्हटलेले शब्द पुस्तक नसतानाही ओठांवर आले. आणि 'औषध' या शब्दाचा अर्थ ओळखणारे ते साधे लोक? त्यांचीही तयारी रविवारच्या बाकावर बसूनच झाली होती.

संत थॉमस अक्वायनस म्हणतात की धैर्याचे मुख्य कार्य हल्ला करणे नव्हे, टिकून राहणे आहे. आणि टिकणे एका दिवसात जमत नाही. अर्थात श्रद्धा म्हणजे व्यायामशाळेत कमावलेले शरीर नव्हे. ती देवाचे दान आहे. आपल्या रोजच्या लहानसहान कृती फक्त त्या दानासाठी हृदयात जागा करतात. म्हणूनच एक गोष्ट आपण टाळू या. दुःखात असलेल्या घरी जाऊन, 'देव तुमची परीक्षा घेतो आहे,' असे सांगू नये. तेथे बसावे, भांडी घासावीत, डबा पोहोचवावा.

तर आपला सराव कोठे चालतो? वडिलांच्या मागे सातबाऱ्यावर बहिणीचे नाव राहू द्यायचे की तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घ्यायची, या प्रश्नापाशी. जागांचे भाव वाढल्यापासून आपल्या गावांत भावाभावांचे बोलणे बंद झाले आहे, हे आपण सर्व जाणतो. शेजारच्या बाकावर बसून एकमेकांना शांतीचे चिन्ह न देणारी माणसे आपल्यातच आहेत! अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंनी रात्री तिसऱ्यांदा हाक मारली की उठायचे की ऐकू न आल्यासारखे करायचे. गर्दीच्या लोकलमध्ये धक्का लागला की तोंडातून काय निघते. तराजूत शेवटची दोन वांगी टाकायची की नाही. येथे कोणी पाहत नाही, कोणी टाळ्या वाजवत नाही.

२०२० च्या मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत आणि पुन्हा २०२१ मध्ये कित्येक महिने आपल्या राज्यातील चर्चेस भाविकांसाठी बंद होती. अनेकांना आपल्या माणसाच्या अंत्यविधीलाही जाता आले नाही. ज्या घरांत संध्याकाळची रोझरी चालू होती, तेथेही रडणे तेवढेच होते. परंतु रडताना एकत्र म्हणायला त्यांच्याकडे शब्द होते. काही घरांत ते शब्द शोधावे लागले.

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना जवळ आला आहे. रोज पाच दशके होत नसतील तर एका दशकाने सुरुवात करू या. जेवणापूर्वी, टीव्ही बंद करून, मुलांच्या हातातले मोबाईल बाजूला ठेवून. आणि ज्या भावाशी किंवा बहिणीशी आपले बोलणे थांबले आहे, त्यांचे नाव त्या दशकाच्या आरंभी मोठ्याने घेऊ या, म्हणजे मुलांनाही ऐकू जाईल.