गोंदण आणि संमति

गोंदून घेतांना किती दुखतें, असें परवां माझ्या मुलीनें विचारलें. दंडाच्या मांसल भागीं सुई सोसते. मनगटाच्या हाडावर, जेथें कातडी पातळ, तेथें ती झोंबते. पोटभर जेवावें, पुरती झोंप घ्यावी, मद्य वर्ज्य करावें, सुई नवी आहे हें पाहावें. तयारी ती एवढीच. हें सांगतांना आजी आठवली. तिच्या हातावर तुळस गोंदली तेव्हां ती आठ वर्षांची होती; दोघींनीं तिला दाबून धरलें होतें. मेल्यावर एवढाच दागिना सोबत येतो, ही तेव्हांची समजूत. म्हातारपणीं तीच तुळस ती कौतुकानें दाखवी. मागाहून आलेल्या कौतुकानें आधीची बळजबरी न्याय्य ठरते काय? मला तसें वाटत नाहीं. वेदना दोघींची कदाचित् सारखीच असेल. पण मुलीनें 'थांबा' म्हटलें तर सुई थांबेल. आजीनेंही म्हटलें होतें.