बडकीचं लग्न झालं, भागवंतीचं काय?

मालिकेतल्या प्रेमाचा एक साधा नियम आहे. जी गोष्ट दोन माणसं पाच मिनिटांत बोलून मोकळी होतील, ती त्यांनी दीडशे भाग बोलायची नाही. त्याने दारापर्यंत यायचं, तिने पदराशी चाळा करायचा, तेवढ्यात आतून कुणीतरी खोकायचं, की संपला भाग! आम्ही बँकेतले लोक. शिल्लक पुढे ओढणं हा आमचा धंदाच. पण इतकी ओढलेली शिल्लक आमच्याही वह्यांत सापडायची नाही.

आपल्याकडच्या या प्रकाराचा मूळपुरुष म्हणजे ‘हम लोग’. ७ जुलै १९८४ रोजी ही मालिका दूरदर्शनवर सुरू झाली आणि १५६ भाग चालली. लेखक मनोहर श्याम जोशी. भागाच्या शेवटी अशोककुमार येत आणि घडल्या गोष्टीतून काय शिकायचं ते सांगून जात. मी तेव्हा पाटीवर रेघोट्या ओढण्याच्या वयाचा होतो. मालिका पाहिली ती अलीकडे, मोबाइलवर, जेवणं झाल्यावर. घरातली थोरली मुलगी बडकी. तिचं डॉक्टर अश्विनीशी जुळतं, पण हो म्हणू की नको यात ती इतकी अडकते, की प्रेक्षकांनी थेट अशोककुमारांना पत्रं लिहिली : दादामुनी, तुम्ही तरी पोरीला समजवा! अखेर लग्न लागलं, त्या दिवशी उत्तरेत बाजारातली दुकानं लवकर बंद झाली म्हणतात. पत्र लिहिणाऱ्यांपैकी किती बापांनी स्वतःच्या मुलीला ‘तुला मुलगा पसंत आहे का’ असं विचारलं होतं, देव जाणे.

पण माझा जीव अडकला तो बडकीत नाही, तिच्या आईत. या मालिकेमागची कल्पना मेक्सिकोहून आलेली. मिगेल साबिदो नावाच्या गृहस्थांनी १९७०च्या दशकात तिकडे मालिका रचल्या. त्यांत पात्रांचे तीन कप्पे : चांगली, वाईट आणि मधली. चांगल्याचं भलं होतं, वाइटाचं वाटोळं होतं आणि मधली हळूहळू शहाणी होतात. त्यांच्याबरोबर प्रेक्षकानंही व्हावं, ही अपेक्षा. ‘हम लोग’वाल्यांनी दारुड्या बसेसर रामच्या मुकाट सोसणाऱ्या बायकोला, भागवंतीला, ‘असं वागू नका’ याचा नमुना म्हणून उभं केलं होतं. पुढे अभ्यासकांनी प्रेक्षकांना विचारलं, तर पुष्कळांनी, बायकांनीसुद्धा, तिलाच आदर्श ठरवलं!

प्रेक्षकांना मूर्ख म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण आपण तरी वेगळं काय करतो? निधनवार्तेत पुरुष ‘कर्तबगार’ असतो, बाई ‘सोशीक’. पुरुषानं पन्नाशीत दारू सोडली, तर गाव म्हणतं, ‘सुधारला हो!’ बाई पन्नाशीत तोंड उघडून बोलायला लागली, तर तेच गाव म्हणतं, ‘बिघडली.’ बदल दोघांतही झाला. एकाचा जमेला, दुसरीचा नावे.

आता याला दुसरी बाजूही आहे. पोरांची शाळा सुटू नये म्हणून दात-ओठ आवळून राहिलेल्या बायांनीच आमच्यासारख्यांना बी.कॉम. केलं. त्यांना दुबळं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मग सोसण्यातला गुण कोणता आणि लादलेलं कोणतं, हे ओळखायचं कसं? मला आपलं धंद्यातलंच गणित सुचतं. स्वतःच्या हातानं भरली ती ठेव. दुसऱ्यानं पगारातून परस्पर वळती केली ती कपात. आकडा दोन्हीकडे सारखाच, पण कपातीला कुणी काटकसर म्हणत नाही. ‘नाही’ म्हणायची सोय होती आणि तरी माणूस थांबला, तर तो गुण. सोयच नव्हती, तर ती कपात. आणि अशा कपातीचं कौतुक करणाऱ्यानं आधी बघावं, की ती जमा कुणाच्या खात्यात होते. बहुधा आपल्याच!

मराठीत २००१ साली ‘चार दिवस सासूचे’ सुरू झाली. रोहिणी हट्टंगडींच्या सासूबाईंचे ते चार दिवस २०१३पर्यंत चालले आणि भाग तीन हजारांच्या पुढे गेले. आमच्या सौ.चं म्हणणं असं, की म्हणीतले सुनेचे चार दिवस त्या हिशेबानं अजून यायचेच आहेत.

कधी कधी ते काउंटरवर येतात. नागापूरच्या एमआयडीसीत पाळी करणारी जोडपी पगार झाला की आमच्याकडे येतात. एका मावशींचं खातं त्यांच्याच नावावर, पण स्लिप दरमहा मालक भरायचे. मावशींनी फक्त सही करायची. परवा मी सवयीनं विचारलं, “मावशी, किती काढायचे?” नेहमी त्या मालकांकडे बघतात. या खेपेला माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तीन लिव्हलंय का यांनी? पाच करा. वरचे दोन माझ्यापाशी राहू द्या.” मालक खोकले. पण भाग संपला नाही. मी दुसरी स्लिप पुढे सरकवली. मावशींनी ती स्वतः भरायला घेतली. अक्षर मोठं होतं, वेळ लागत होता. मागे रांग वाढली, पण मी काही बोललो नाही.