उतरायला जागा

पावसाळा सुरू झाला की आमच्या चिखलोलीच्या बाजूला, अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधल्या नव्या इमारतींच्या गेटावरच्या दिव्यांखाली गेंड्या भुंगे येऊन आपटतात. मुलं ते उचलतात आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवतात. यांच्या आजोबांनी काडेपेटीत सोनपाखरू ठेवलं होतं, त्याला बाभळीचा पाला घातला होता, त्याची अंडी वर्गात मिरवली होती. त्या आठवणींवर गहिवरून लिहिणारे पुष्कळ आहेत, मी भर घालत नाही. नवी आहे ती आईबापांची भीती. भुंग्याच्या पायांच्या सांध्यांत तांबूस ठिपके चालताना दिसले की सोसायटीच्या ग्रुपवर फर्मान निघतं: परजीवी आहेत, भुंगा आजारी आहे, मुलांना लागण होईल, स्प्रे मारा.

कीटक पाळणं हीच क्रूरता, असं म्हणणारा एक पक्ष आहे. दर तीन महिन्यांनी पेस्ट कंट्रोल करून घेणाऱ्यांच्या तोंडी तो शोभत नाही, एवढंच म्हणतो. ‘निसर्ग आपलं आपण बघून घेतो’ हा दुसरा पक्ष. पण श्रीखंडाच्या डब्यात निसर्ग कुठून यायचा? माझं खरं भांडण तिसऱ्याशी, या स्प्रेवाल्यांशी आहे. कारण त्यांचं म्हणणं शहाणपणाचं वाटतं.

पहिली गोष्ट म्हणजे स्प्रे कुणाला मारतो? घरगुती फवारा झुरळासाठी, म्हणजे कीटकासाठी केलेला असतो. भुंगा कीटकच आहे. त्याच्यावरचे ते तांबूस ठिपके म्हणजे माइट, आठ पायांचे, कोळ्यांच्या गोतातले. रोग्याला मारून रोग हटवायचा, असा हा उपचार. लागणीचं म्हणाल तर हे माइट माणसाच्या अंगावर जगत नाहीत. कीटकांमार्फत मुलाच्या पोटात जाऊ शकणारा उंदराचा पट्टकृमी आहे खरा, पण तो जातो पिठातले किडे गिळले तर. तेव्हा काळजी करायचीच असेल तर ती स्वयंपाकघरातल्या डब्याची करावी.

पण हे वरवरचं झालं. मूळ चूक आहे ती अंगावर दिसला की परजीवी ठरवण्याची. भुंगा उताणा करून साध्या भिंगातून पाहा. माइट कुठे जमतात? पोटाखाली, पायांच्या बुडाशी, कठीण पंखांच्या आत. यांतले बरेचसे भुंग्याला खातच नाहीत. ते त्याच्यावर बसून प्रवास करतात. शेणकिड्यांवरचे काही माइट शेणाच्या नव्या पोवापर्यंत पोचले की उतरतात आणि तिथली माशांची अंडी नि बारीक सूत्रकृमी फस्त करतात. मेलेले उंदीर-पाखरं पुरून त्यांवर पिल्लं वाढवणाऱ्या भुंग्यांवरचे माइट तर त्या अन्नावर हक्क सांगणाऱ्या माशांचीच अंडी खातात. म्हणजे धन्याचा फायदाच. माशा नसल्या की मात्र तेच माइट भुंग्याच्या पिल्लांना महागात पडू शकतात. जीव तोच, परिस्थिती बदलली.

त्याहून चमत्कारिक प्रकरण प्रिस्टिऑन्कस या सूत्रकृमीचं. तो भुंग्याच्या अंगावर निपचित बसून राहतो, त्याला काही करत नाही. भुंगा मेला की प्रेतावर माजणारे जिवाणू खाऊन वाढतो. वारसासारखा वाट पाहणाऱ्या या जीवाला परजीवी म्हणावं की नाही, हे स्प्रेवाल्यांनी सांगावं.

ते म्हणतील, डब्यात माइट वाढतात आणि भुंगा मरतो, हे तर डोळ्यांनी दिसतं ना? दिसतं. पण का? उकिरड्यावरून उकिरड्यावर उडणाऱ्या भुंग्यावरचे प्रवासी वाटेत उतरत असतात. डब्यात ओला भुसा आणि नासलेलं केळं असतं, प्रवाशांची वीण भराभर वाढते आणि नव्या पिढीला चढायला तोच एक भुंगा. बदलापूर लोकलमध्ये अंबरनाथचा माणूस दारापर्यंत पोचू शकला नाही तर तो गुन्हेगार ठरत नाही. पण आतल्यांचा श्वास कोंडतोच. भुंग्याचंही तसंच होतं. सांधे भरतात, बाजूची श्वासरंध्रं झाकली जातात.

खऱ्या परजीवींची गोष्टही निराळी नाही. किड्यांच्या आतड्यात ग्रेगरीन नावाचे एकपेशीय जीव राहतात. विष्ठेतून बाहेर पडतात, कुणी खाल्लं तर पुन्हा आत जातात. रानात विष्ठा कुठे आणि पुढचं जेवण कुठे. डब्यात दोन्ही एका वितीत. हिरवी बुरशी मेटारायझियम तर शेतकरी पैसे देऊन विकत घेतो, हुमणी आणि गेंड्या भुंग्यांच्या अळ्या मारायला. तेव्हाच्या रशियन साम्राज्यात मेचनिकॉव्ह या शास्त्रज्ञाने १८७९ साली गव्हावरच्या भुंग्यात ती पाहिली आणि तिचा कीडनाशक म्हणून वापर सुचवला. १९०८चं नोबेल त्याला मिळालं ते मात्र रोगप्रतिकाराच्या संशोधनासाठी. शेणखताची माती जशीच्या तशी डब्यात भरणारा मुलगा नकळत हेच औषध आपल्या लाडक्यावर टाकत असू शकतो.

म्हणून मला परजीवी आणि निरुपद्रवी हा भेद फारसा उपयोगाचा वाटत नाही. कामाचा भेद एकच: त्या जीवाला उतरायला जागा आहे की नाही. सरसकट सगळ्यांना हे लागू नाही. हुमणीच्या पोटात शिरून सोबतच्या जिवाणूंकरवी तिला दोनेक दिवसांत मारणारे सूत्रकृमी रानातही मारतातच. पण घरातल्या डब्यापुरतं बोलायचं तर स्प्रेऐवजी भुसा बदला, केळं रोज काढा, झाकणाला भोकं पाडा, एका डब्यात एकच भुंगा ठेवा, मऊ ब्रशने माइट झटका. आणि एक-दोन दिवसांत भुंगा जिथून उचलला तिथेच सोडा.

हे शेवटचं फक्त दिव्याखाली सापडलेल्या भुंग्याबद्दल. बाहेरदेशी भुंग्याच्या अळ्या मागवून पाळण्याचा शौक ज्यांना खुणावतो, त्यांच्याबाबत माझा भेद नेमका उलटा फिरतो. जपानने १९९९मध्ये परदेशी शिंगाळ्या भुंग्यांची आयात मोकळी केली. ते लाखांनी आले, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे माइटही. तिथल्या संशोधकांना चिंता पडली ती माइट त्या भुंग्यांवर साचण्याची नव्हे. त्यांना उतरायला नवी जागा मिळाली होती: जपानचे स्वतःचे भुंगे.