शैत्य आणि प्रमाद

कोकणच्या किनाऱ्यावरील एखाद्या मासळीबंदरालगत पहाटे उभे राहिले, म्हणजे बर्फाच्या कारखान्यातून लाद्या बाहेर निघताना दिसतात. मिठाच्या गार द्रावणात तासन्‌तास बुडवून ठेवलेले पत्र्याचे उंच डबे वर ओढावयाचे, क्षणभर साध्या पाण्यात धरावयाचे आणि कलते करावयाचे, की लादी अलगद सरकत बाहेर येते आणि भरडली जाऊन होड्यांकडे रवाना होते. पाहणाऱ्याला साहजिकच वाटते, की येथे थंडी निर्माण केली जात आहे. हा समज खरा नाही. आणि मला तो केवळ पदार्थविज्ञानातील भ्रम वाटत नाही, कारण त्याच्या पोटी कर्तव्याविषयीचाही एक भ्रम वाढत असतो.

अंधार हे द्रव्य की तेजाचा अभाव, या प्रश्नावर आपल्या दर्शनकारांनी दीर्घकाळ वाद घातला. भाट्ट मीमांसकांनी तमाला द्रव्य मानले, वैशेषिकांनी त्याला अभावाच्या कोटीत टाकले. परंतु नवल असे, की ज्या वैशेषिकांनी अंधाराच्या बाबतीत इतका कठोर निर्णय दिला, त्यांनीच शीतस्पर्श हा मात्र जलाचा भावरूप गुण मानला. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ शिकणारा विद्यार्थी आजही जलाचे लक्षण म्हणून शीतस्पर्शच सांगतो. अंधाराला त्यांनी लावलेला न्याय आधुनिक विज्ञानाने शैत्याला लावला. शैत्य नावाची वस्तू नाही; एका स्थळाची उष्णता उचलून दुसऱ्या स्थळी नेली असता मागे जे उरते, त्याला आपण ते नाव देतो. शून्य अंशावरील एक किलो पाण्याचा बर्फ करावयाचा, तर त्यातून सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता काढावी लागते, आणि ती नष्ट होत नाही. अमोनियाच्या नळ्यांतून ती कंडेन्सरपर्यंत येते, तेथून पाण्यात आणि हवेत जाते, आणि ती वाहून नेण्यासाठी कॉम्प्रेसरने केलेले श्रमही उष्णता होऊन तिच्याबरोबर बाहेर पडतात. लादीच्या जमेच्या बाजूस जे शैत्य दिसते, त्याहून मोठी रक्कम कोणाच्या तरी नावे खर्ची पडलेली असते.

हे वाहून नेण्याचे श्रम किती असावेत, याला सृष्टीने एक किमान मर्यादा घालून ठेविली आहे. १८२४ साली सादी कार्नो या अठ्ठावीस वर्षांच्या फ्रेंच अभियंत्याने वाफेच्या यंत्रांवर एक लहानसे पुस्तक लिहिले. त्याच्या हयातीत त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही, आणि आठच वर्षांनी पटकीच्या साथीत तो वारला. त्याच्या विचाराचा गाभा आपल्या शेतकऱ्याला मोटेच्या दृष्टान्ताने चटकन पटेल. पाणी जितक्या खोलीवरून ओढावे, तितके बैलांचे कष्ट वाढतात. उष्णतेच्या बाबतीत ही खोली म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या तापमानांतील अंतर. द्रावणाकडून उष्णता घेणारा अमोनिया उणे १० अंशांवर उकळत असेल आणि कंडेन्सरमध्ये ३५ अंशांवर द्रवरूप होत असेल, तर विहीर ४५ अंश खोल आहे. कंडेन्सरच्या नळ्यांवर क्षारांचा थर चढला, आत हवा शिरून राहिली, आणि अमोनियाला द्रव होण्यासाठी ४५ अंशांपर्यंत चढावे लागले, की तीच विहीर ५५ अंश खोल होते. तेवढ्याच बर्फासाठी आदर्श यंत्रालादेखील २२ टक्के श्रम अधिक पडतात, मग प्रत्यक्षातील यंत्राची गोष्ट काय सांगावी! एक लादीही वाढलेली नसते, मासळी पूर्वीइतकीच टिकते, आणि कोठेतरी दूर अधिक कोळसा जळत असतो.

या वाढीव श्रमाला काय म्हणावे? उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या लक्षणात ‘प्रमत्तयोग’ हा शब्द आहे. प्राण्याला पीडा झाली एवढ्यानेच त्या लक्षणाची पूर्तता होत नाही. ती पीडा प्रमादातून, असावधपणातून झाली काय, हा प्रश्न तेथे निर्णायक आहे. ही विवेकदृष्टी मला कारखान्याच्या बाबतीत फार मोलाची वाटते. कार्नोने दाखविलेले किमान श्रम हे जगण्याच्या अपरिहार्य ओझ्यात मोडतात, त्यांबद्दल कोणी अपराधी नाही. परंतु त्यावरचा जो भाग न घासलेल्या नळीमुळे, फाटलेल्या उष्णतारोधक आवरणामुळे, गरज नसता पूर्ण वेगाने फिरणाऱ्या पंख्यामुळे जातो, तो शुद्ध प्रमाद आहे. पंख्याचा वेग निम्मा केला असता त्याला लागणारी शक्ती तत्त्वतः एक-अष्टमांशावर येते, हे ज्याला ठाऊक आहे आणि तरीही जो गार रात्रीही त्याच्याकडे पाहत नाही, त्याची हयगय मी नीतीच्या दप्तरात नोंदवीन. येथे सृष्टीशी झगडा मांडावयाचा नसतो, तिच्या मर्यादा जाणून घ्यावयाच्या असतात. कूलिंग टॉवर म्हणजे मोठा माठच; विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ जितका निवतो तितका कोकणच्या दमट हवेत निवत नाही, आणि हवेतील ओलाव्याने ठरविलेल्या त्या मर्यादेखाली टॉवरचे पाणीही उतरत नाही.

तथापि एका आक्षेपाला मला उत्तर द्यावेच लागेल. १८६५ साली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने कोळशावरील आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की यंत्रे काटकसरी झाली म्हणून कोळसा कमी जळत नाही. तो स्वस्त पडू लागल्याने उलट अधिक जळतो. मग सावधपणाचे फळ अधिक भोग हेच असेल, तर तो सावधपणा धर्म कसा? मी या आक्षेपापुढे बराच काळ थांबलो आहे. माझी समजूत अशी झाली आहे, की अप्रमाद आणि अपरिग्रह ही दोन स्वतंत्र व्रते आहेत आणि एकाच्या पालनाने दुसऱ्याची बेबाकी होत नाही. बर्फ स्वस्त झाला म्हणून एखाद्या तांडेलाने होडीत चार लाद्या अधिक घेतल्या आणि एरवी कुजून समुद्रात फेकावी लागणारी मासळी शाबूत राहून कोणाच्या ताटात पडली, तर ही वाढ मला लोभाची वाटत नाही. नळ्या घासणाऱ्या कामगाराने वाचविलेली तीच वीज शहरातील एखाद्या दिवाणखान्यातही जाऊ शकते, जेथे वैशाखाच्या दुपारी माणसे शाली पांघरून बसलेली असतात, आणि ज्याच्या भिंतीबाहेर लावलेल्या यंत्राच्या झोतात दाराशी बसलेला पहारेकरी, आतून काढलेली सारी उष्णता अंगावर घेत, संध्याकाळची वाट पाहत असतो.