विक्रम झाला, वही कुठे आहे?

१४ जुलै २०२४ रोजी इंदूरच्या रेवती रेंजच्या टेकड्यांवर चोवीस तासांत अकरा लाखांहून अधिक रोपे लावली गेली. गिनीज बुकात नोंद झाली, प्रमाणपत्र हाती आले, छायाचित्रे निघाली. झाडे लावणे वाईट असे कोण म्हणेल? पण विक्रम नेमका कशाचा झाला, हे विचारायला हरकत नाही. तो झाला खड्ड्यात रोप ठेवल्याचा. त्या रोपाने पुढचे दोन उन्हाळे काढले की नाही, याची नोंद गिनीजवाले ठेवत नाहीत आणि ते त्यांचे कामही नाही. ते महापालिकेचे आणि तुमचे-आमचे काम आहे.

थोडे गणित करू. पूर्ण वाढलेले झाड वर्षाला ढोबळमानाने वीस किलो कार्बन डायऑक्साइड शोषते असे धरतात. अकराच्या अकरा लाख रोपे जगली, कोणी तोडली नाहीत, वणवा लागला नाही, गुरांनी खाल्ली नाहीत, तरी काही वर्षांनी त्यांचे शोषण होईल वर्षाला बावीस हजार टन. मुंबईने २०१९ सालासाठी आपले उत्सर्जन मोजले, तेव्हा माणशी वाटा १.८ टन निघाला. इंदूरचा माणूस तेवढाच धूर करतो असे क्षणभर समजा आणि लोकसंख्या तीस लाख धरा. शहराचे उत्सर्जन झाले चोपन्न लाख टन. म्हणजे सगळे मनासारखे घडले, तरी हे विश्वविक्रमी जंगल शहराच्या दर शंभर टनांतला अर्धा टनही गिळत नाही.

गणित मुद्दाम कच्चे आहे. इंदूरचा आकडा मुंबईहून वेगळा असेल. कमी असेल किंवा जास्त. मला खटकते ती दुसरीच गोष्ट. इंदूरच्या कोणत्याही रहिवाशाला झोपेतून उठवून स्वच्छता सर्वेक्षणातला क्रमांक विचारा, तो चुकणार नाही. शहर वर्षाला किती टन कार्बन हवेत सोडते, हे शंभर जणांना विचारून पाहा.

नवस बोलणाऱ्याला आपण हसतो, कारण तो कार्यकारणाचा विचार करत नाही. मग मोजणीशिवाय केलेला ‘कार्बनमुक्ती’चा संकल्प नवसाहून कोणत्या अर्थाने वेगळा आहे? पळीभर पाणी सोडून ‘करिष्ये’ म्हटले की पुण्य सुरू, ही समजूत आता व्यासपीठावर चढून बसली आहे. पुरोहिताच्या जागी सल्लागार कंपनी आली आणि पोथीच्या जागी गुळगुळीत कागदावरचा अहवाल आला. संकल्पाचे वर्ष इतके दूरचे की तो सोडणाऱ्यांपैकी कोणाला जाब द्यावा लागू नये. देशाचे नेट झिरोचे लक्ष्य २०७० चे आहे. आजचा नगरसेवक तेव्हा कुठे असेल?

हे सगळे इंदूरलाच का ऐकवायचे? कारण इंदूर हे बेपर्वा शहर नाही. २०१७ पासून सलग आठ वेळा स्वच्छतेत देशात अव्वल राहणे केवळ जाहिरातीवर साधत नाही. देवगुराडियाचा तेरा लाख टनांहून मोठा कचऱ्याचा डोंगर या शहराने उपसून, चाळून, वेगळा करून संपवला. त्याच परिसरात फेब्रुवारी २०२२ मध्ये गोबर-धन प्रकल्प सुरू झाला. त्याची क्षमता रोज ५५० टन ओला कचरा पचवून सतरा हजार किलोपर्यंत बायो-सीएनजी तयार करण्याची आहे. हे खरे हवामानकार्य आहे. ओला कचरा डोंगरात कुजला की मिथेन सुटतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेनचा किलो कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस-अठ्ठावीस किलोंना भारी पडतो. तोच वायू बसच्या टाकीत गेला तर दोन्हीकडून लाभ. घरोघरी ओले-सुके वेगळे करण्याची जी शिस्त या शहराने लावून घेतली, ती पुण्या-मुंबईच्या अनेक सोसायट्यांना अजून जमलेली नाही. ज्याला कचरा किलोत मोजता येतो, त्याला कार्बन टनात मोजता येत नाही, ही सबब चालणार नाही.

आता अवघड जागेकडे वळू. कचऱ्यापासून खत, वायू आणि सौरऊर्जा यांतून वाचवलेल्या उत्सर्जनाची कार्बन क्रेडिट विकणारे देशातले पहिले शहर म्हणून इंदूरचा गौरव झाला. सुरुवातीला सुमारे पन्नास लाख रुपये मिळाले. पैसा मिळाला याचा आनंद आहे. पण क्रेडिट विकणे म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. जगात कुठे तरी एखाद्या कंपनीने तो टन विकत घेतला आणि ‘एवढे उत्सर्जन आम्ही भरून काढले’ असे आपल्या ताळेबंदात लिहिले. तो टन आता तिचा झाला. छावणीच्या मंडईत सोयाबीन विकून आलेला शेतकरी तीच पोती घरच्या कोठारात मोजत नाही. शहराने मात्र टन विकायचा आणि उद्या ‘आम्ही इतके उत्सर्जन घटवले’ म्हणून तोच टन पुन्हा आपल्या नावावर मांडायचा, तर त्याला सरळ भाषेत दुहेरी हिशेब म्हणतात. किती टन विकले आणि किती स्वतःसाठी राखले, हे दोन रकाने वेगवेगळे असलेच पाहिजेत.

त्यातच एक नैतिक प्रश्न आहे, जो हिशेबनीस सहसा विचारत नाहीत. तो वाचलेला टन तयार कोणी केला? पहाटे गाडीबरोबर फिरून, डब्यातले प्लास्टिक हाताने बाजूला काढणाऱ्या सफाई कामगाराने. ओल्या कचऱ्यात काच आणि डायपर राहिले तर वायूचा प्रकल्प अडखळतो. म्हणजे त्या क्रेडिटची शुद्धता त्याच्या हातमोज्यांवर उभी आहे, आणि हातमोजे मिळालेच नसतील तर त्याच्या उघड्या हातांवर. विक्रीतून आलेल्या रुपयाचा कोणता भाग त्याच्या आरोग्यावर, त्याच्या पगारावर गेला, हा रकाना कार्बनच्या वहीत नसेल तर ती वही अपुरी आहे.

इंदूरच्या कार्बनची मोठी गोष्ट मात्र कचऱ्यात नाही, नळात आहे. शहर नर्मदेचे पाणी पिते. ते जलूदहून, सुमारे सत्तर किलोमीटरवरून, खालच्या निमाडातून वर माळव्याच्या पठारावर चढवावे लागते. चढ किमान चारशे मीटरचा. हजार लिटर पाणी चारशे मीटर उचलायला, पंपात आणि नळीत काहीही वाया गेले नाही असे मानले, तरी निसर्गनियमाने एक युनिटहून अधिक वीज लागते. प्रत्यक्षात आणखी बरीच. आपल्या देशातल्या सरासरी युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणजे इंदूरमध्ये टाकी भरून वाहते तेव्हा पाण्याबरोबर कोळसाही वाहतो. जमिनीखाली फुटलेली जलवाहिनी ही एरवी पाणीपुरवठा खात्याची तक्रार; इथे ती हवामानाची तक्रार आहे. गळती दुरुस्त करण्याला फीत नाही, फलक नाही, प्रमाणपत्र नाही. पण दहा टक्के गळती थांबली तर पंपांची दहा टक्के वीज वाचते, आणि ती दुसऱ्या दिवसापासून वाचते. झाड मोठे होण्याची वाट पाहावी लागत नाही.

महापालिकेला हे कळत नाही असे मुळीच नाही. पंपांचे बिल महिन्याला दोन आकडी कोटींत जाते, ते भरणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. म्हणूनच फेब्रुवारी २०२३ मध्ये तिने २४४ कोटींचे हरित कर्जरोखे सामान्य गुंतवणूकदारांसाठीही खुले केले. हेतू होता जलूदला ६० मेगावॉटचा सौरप्रकल्प उभारण्याचा. मागणी विक्रीच्या कित्येक पट आली. असा प्रकल्प अठरा-वीस टक्के क्षमतेने चालला तर वर्षाला साधारण दहा कोटी युनिट देतो, म्हणजे सत्तर हजार टनांची बचत. रेवती रेंजच्या संपूर्ण, काल्पनिक, एकही रोप न मेलेल्या जंगलाच्या तिप्पट. गाजावाजा कोणाचा जास्त झाला, हे वाचकांना ठाऊक आहे.

कर्जरोख्यांची एक बाजू विशेष लक्ष देण्याजोगी आहे. सेबीच्या नियमांनुसार हरित रोखे काढणाऱ्याला पैसा कुठे गेला आणि पर्यावरणावर त्याचा काय परिणाम झाला, हे गुंतवणूकदारांना सांगत राहावे लागते. उत्तम नियम आहे. पण मग ज्याने रोखे घेतले त्याला हिशेब मागण्याचा अधिकार, आणि जो मालमत्ता कर भरतो, पाणीपट्टी भरतो, धूर श्वासात घेतो, त्याने भाषण ऐकून टाळ्या वाजवायच्या, हा कुठला न्याय? लोकशाहीत करदाता हा सावकारापेक्षा खालच्या पायरीवर असू शकत नाही.

हिशेब कसा असावा, याचे कोडे जगाने सोडवून ठेवले आहे. शहरांची उत्सर्जने मोजण्याची सर्वमान्य पद्धत २०१४ पासून उपलब्ध आहे. हद्दीत जळलेले इंधन वेगळे, बाहेरून आलेली वीज वेगळी, हद्दीबाहेरचा भार वेगळा. मुंबईने मार्च २०२२ मध्ये कृती आराखडा जाहीर केला, त्यात २०१९ हे पायाभूत वर्ष आणि २.३४ कोटी टनांचा पायाभूत आकडा स्पष्ट दिला. २०५० चे अंतिम लक्ष्य ठेवताना २०३० पर्यंत ३० टक्के आणि २०४० पर्यंत ४४ टक्के कपात असे टप्पेही बांधले. ऑस्लो २०१७ पासून पैशाच्या अंदाजपत्रकाबरोबरच कार्बनचे अंदाजपत्रक मांडते. कोणत्या कामातून किती टन घटणार आणि जबाबदार खाते कोणते, हे रुपयांच्या शेजारी छापलेले असते. मुंबईने २०२४ मध्ये हा प्रयोग सुरू केला. त्यात धोकाही आहे. जुनीच नालेसफाई नव्या मथळ्याखाली टाकून कोट्यवधींचा ‘हवामान खर्च’ दाखवणे कोणत्याही महापालिकेला सोपे आहे. म्हणून रुपये किती खर्चले हे न विचारता टन किती घटले, हेच विचारत राहावे लागते.

टन न विचारल्यास काय होते, यासाठी इंदूरची बीआरटीएस पाहा. साडेअकरा किलोमीटरची ही बसची राखीव मार्गिका २०१३ मध्ये सुरू झाली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने ती काढायला मुभा दिली. वाहतूककोंडी होते, अपघात होतात, चौकांत पूल बांधायचे आहेत अशी कारणे पुढे आली. ती बरोबर असतील. पण बसला रस्ता राहिला नाही तर त्यातले किती प्रवासी दुचाकीवर जातील आणि त्याने किती टन वाढतील, हा प्रश्न त्या चर्चेत मला तरी ऐकू आला नाही. कार्बनची वही असती तर तो विचारावाच लागला असता. उत्तर पाहूनही मार्गिका काढण्याचा निर्णय झाला असता, तर निदान तो डोळे उघडे ठेवून झाला असता.

आक्षेप येतील. पहिला आक्षेप असा की भारतीय माणूस अमेरिकी माणसाच्या मानाने कितीतरी कमी धूर करतो, मग आपण का मोजायचे? मुद्दा खरा आहे आणि जागतिक वाटाघाटींत तो ठणकावून मांडलाच पाहिजे. पण ज्याचा वाटा कमी त्याने मोजू नये, हे त्यातून निघत नाही. उलट सरासरीच्या आड कोण लपते ते मोजल्याशिवाय कळत नाही. चार वातानुकूलन यंत्रे आणि तीन मोटारींचे घर आणि एका पंख्याची झोपडी यांची सरासरी काढून गरिबाच्या काटकसरीवर श्रीमंताने मिरवणे, हा ढोंगाचा जुना प्रकार आहे. प्रभागवार आकडे आले की तो उघडा पडतो.

दुसरा आक्षेप अधिकाराचा आहे. वीज राज्याच्या कंपनीची, वाहननोंदणी परिवहन खात्याची, महापालिकेच्या हाती काय? पंप, पथदिवे, सिटी बस, कचरा, बांधकाम परवाने आणि मालमत्ता कर एवढे तर तिच्याच हाती आहे. तेवढ्याचा चोख हिशेब तिने द्यावा. उरलेल्याची आकडेवारी वीज कंपनीकडून मागून घ्यावी. डिसेंबर २०२४ मध्ये शंभर दिवसांची वीजबचतीची मोहीम शहरात सुरू झाली, तिचे मोल यासाठीच आहे की युनिट मोजता येतात. मात्र ते आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडून पाहायला हवेत, नाहीतर थंडीत पंखे बंद झाले त्याचे श्रेय मोहीम घेऊन जाईल.

उत्सव, मिरवणूक, विक्रम यांशिवाय लोक हलत नाहीत, असाही एक आक्षेप आहे. याचे उत्तर इंदूरच्याच इतिहासात आहे. १९१७ च्या दिवाळीत, होळकर दरबाराने बोलावलेल्या नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी प्लेगने ग्रासलेल्या या शहरात मोठी मिरवणूक काढली. सफाई कामगार पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, झाडूंना हार, आणि प्लेगचा भलामोठा उंदीर. मार्ग मात्र त्यांनी आधी ठरवला नव्हता. ज्या रस्त्यावरची घरे लोकांनी सर्वाधिक स्वच्छ आणि दुरुस्त केली, त्या रस्त्याने मिरवणूक जाणार, अशी अट होती. आधी पाहणी, मग वाजंत्री. पुढे याच शहरात शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ घडवली, तीही ढीग कधी उलथला, ओल किती होती, उष्णता किती चढली यांच्या नोंदी ठेवून. १९३१ मध्ये ती ग्रंथरूपाने जगापुढे गेली.

राहता राहिली भीती. आकडा वाढलेला निघाला तर विरोधक धारेवर धरतील. धरू द्यावे, त्यासाठीच ते निवडून आलेले असतात. मुंबईने दोन कोटींहून अधिक टन जाहीर केले, म्हणून काही आकाश कोसळले नाही. इंदूरला तर सुरुवात करण्यासाठी नवी समितीही नको. जलूदच्या पंपांनी महिन्यात किती युनिट खाल्ले आणि किती पाणी घराघरांत पोहोचले, हे दोन आकडे पालिकेच्या दप्तरी येतातच. ते दर महिन्याला संकेतस्थळावर आणि प्रत्येक झोन कार्यालयाच्या फलकावर लावावेत. पहिला तक्ता येत्या अंदाजपत्रकाच्या बैठकीत, रुपयांच्या तक्त्याशेजारी.